जुनं ते आपलं!

जुनं गाणं आपण आवडीने ऐकतो. जुना सिनेमा टीव्हीवर लागला की गॅस बारीक करून दोन मिनिटं दारात उभं राहतो. आजीच्या वेळची पितळी परात दरवर्षी माळ्यावरून काढतो, चिंच लावून घासतो आणि पुन्हा ठेवून देतो. यातल्या कशाचंही कुणाला नवल वाटत नाही. पण चाळिशी ओलांडलेलं माणूस वीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर गेम रात्री तासभर खेळत बसलं, तर घरात नि शेजारात प्रश्न ठरलेला, "अजून तेच?"

हे "तेच" म्हणजे "सिमसिटी ४". जानेवारी २००३ मध्ये बाजारात आलेला, शहर वसवण्याचा खेळ. मी तो २००४ पासून खेळते आहे. माझ्यासारखे लोक जगभर आहेत. कुणी नोकरी करतात, कुणी निवृत्त झालेत, तर काहींचा जन्मच या खेळानंतरचा आहे. मोबाइलवरचे खेळ पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात आणि दोन महिन्यांत कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. मग या म्हाताऱ्या खेळात असं काय आहे, की माणसं त्याला सोडत नाहीत? "सवय लागली" एवढ्या उत्तराने भागत नाही. सवयी तर सुटतात. इथे काही वेगळं आहे, आणि घरात मुलं-नातवंडं असलेल्या प्रत्येकाने ते समजून घेण्यासारखं आहे.

बॉम्ब टाकण्यापेक्षा बांधणं बरं

या खेळाची जन्मकथा गमतीची आहे. विल राइट नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८४ मध्ये "रेड ऑन बंगेलिंग बे" हा खेळ तयार केला. हेलिकॉप्टरमधून बेटांवरच्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायचे, एवढाच त्यातला मामला. बॉम्ब टाकायला आधी बेटं हवीत. म्हणून त्याने रस्ते, इमारती मांडायचं एक साधन स्वतःपुरतं बनवलं. काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की बेटं उद्ध्वस्त करण्यापेक्षा बांधण्यातच आपल्याला जास्त मजा येते आहे. मग त्याने शहरांवरची पुस्तकं वाचायला घेतली. त्यात एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांचं १९६९ चं "अर्बन डायनॅमिक्स" होतं. शहरातली घरं, धंदे आणि लोकसंख्या एकमेकांना कशी ओढतात-ढकलतात याचं गणित त्यात मांडलेलं आहे.

खेळ तयार झाला, पण तो काढायला प्रकाशक तयार होईनात. ज्यात कुणी जिंकत नाही नि हरत नाही, असा खेळ विकत कोण घेणार? अखेर १९८७ मध्ये राइट आणि जेफ ब्राउन यांनी "मॅक्सिस" ही कंपनी काढली आणि १९८९ मध्ये पहिली "सिमसिटी" आली. ती धो धो चालली. १९९३ ला "सिमसिटी २०००", १९९९ ला "सिमसिटी ३०००" आणि २००३ ला चौथी. मधे १९९७ मध्ये "इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स" या मोठ्या कंपनीने मॅक्सिस विकत घेतली होती.

जिंकणं-हरणं नसलेला खेळ ही कल्पना त्या प्रकाशकांना अवघड वाटली, पण आपल्याला वाटू नये. आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात तो काय असतो? माती कालवायची, दगडांवर गोणपाट टाकायचं, बुरूज लिंपायचे, मोहरी नाही तर नाचणी पेरून डोंगर हिरवा करायचा, आणि वर महाराज व मावळे बसवायचे. बेळगावात गल्लोगल्ली हे चालतं. किल्ल्यांच्या स्पर्धा होतात हे खरं, पण कोपर भरून चिखल झालेल्या पोराला बक्षिसाची आठवणही नसते. त्याच्या डोक्यात एकच असतं, तळ्यातलं पाणी जिरतंय कशानं! सिमसिटी खेळणाऱ्याची अवस्था अगदी अशीच असते.

पाणी, शाळा आणि नोकरीची वाट

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुरुवातीला समोर मोकळी जमीन असते. आपण फक्त आखणी करायची. इथे घरं, इथे दुकानं-कचेऱ्या, इथे कारखाने. इमारती आपण बांधायच्या नाहीत. आखलेल्या जागेत लोकांना राहावंसं वाटलं तर घरं आपोआप उभी राहतात, नाही तर जागा गवत खात पडून राहते. आपल्या हातात रस्ते, वीज, पाणी, शाळा, दवाखाने, कचरा आणि कर. म्हणजे नगरपालिकेचा सगळा संसार!

आणि हा संसार नेटका करावा लागतो. पाण्याची नळवाहिनी टाकली नाही तर वस्ती होते, पण बैठीच राहते. उंच इमारती येत नाहीत. दवाखान्याच्या खर्चाला फार कात्री लावली की डॉक्टर संपावर जातात. शाळेच्या बाबतीतही तेच. धूर ओकणारे कारखाने घरांच्या उशाशी ठेवले तर ज्यांना परवडतं ते लोक उठून जातात, आणि त्यांच्या बंगल्यांचे रंग काळवंडायला लागतात. वीजकेंद्र जुनं होतं, त्याची ताकद घटते, आणि लक्ष दिलं नाही तर एक दिवस स्फोट होतो. शिक्षणाचं फळ मात्र लगेच मिळत नाही. आज शाळा काढली म्हणून उद्या चांगले उद्योग येत नाहीत. खेळातली कितीतरी वर्षं जावी लागतात, तेव्हा शिकलेली पिढी उभी राहते आणि मग ते उद्योग गावाकडे वळतात.

यातलं सगळ्यांत खोल प्रकरण आहे कामावर जाण्याची वाट. प्रत्येक घरातल्या माणसाला नोकरीपर्यंत पोचावं लागतं. वाट फार लांबली तर तो घर सोडतो. सप्टेंबर २००३ मध्ये "रश अवर" ही पुरवणी आली आणि तिने एक साधन दिलं. कुठल्याही घरावर बोट ठेवा, त्या घरातली माणसं कुठल्या रस्त्याने, कुठल्या गाडीने कामावर जातात ते बाणांनी दिसतं. हे एकदा पाहायची सवय लागली की रस्ता म्हणजे नुसती रेघ राहत नाही. त्यावरून कुणाचा तरी रोजचा दिवस जातो हे डोळ्यांना दिसायला लागतं.

शिवाय हे शहर एकटं नसतं. "सिमसिटी ४" मध्ये एका मोठ्या प्रदेशात अनेक चौकोन असतात. लहान चौकोन एक किलोमीटर बाजूचा, मधला दोनचा, मोठा चारचा. एका चौकोनात शेतं, दुसऱ्यात कारखाने, तिसऱ्यात बाजारपेठ. लोक एका गावातून दुसऱ्या गावात कामाला जातात. खानापूरहून, निपाणीहून रोज जा-ये करणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको. एक शहर उभं करायला महिने लागतात आणि सगळा प्रदेश भरायला वर्षं. खेळणारे टिकून राहतात त्याचं पहिलं कारण हेच आहे. हा खेळ संपतच नाही, आणि घाईही करत नाही. चार महिने उघडला नाही तरी "तुमचं आजचं बक्षीस हुकलं" असा निरोप येत नाही. गाव आहे तिथेच, आहे तसंच थांबलेलं असतं.

नवं आलं, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात

मंडळी, नवं काही आलंच नाही म्हणून लोक जुन्याला धरून बसले, असं नाही. दहा वर्षं वाट पाहिल्यावर मार्च २००३ नव्हे, मार्च २०१३ मध्ये त्याच कंपनीने नवी "सिमसिटी" आणली. दिसायला देखणी. पण तिला एक अट होती. एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट चालू हवं आणि कंपनीचा सर्व्हर भेटायला हवा. पहिल्याच आठवड्यात सर्व्हरवर इतकी झुंबड उडाली की पैसे मोजून खेळ घेतलेले लोक दाराबाहेर ताटकळत राहिले. कंपनीला दिलगिरी म्हणून ग्राहकांना दुसरा एक खेळ फुकट द्यावा लागला. शहराचा चौकोनही छोटा, जेमतेम दोन किलोमीटर बाजूचा. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय झाली ती वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये. तोवर मनं उडाली होती. मार्च २०१५ मध्ये मॅक्सिसचं कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलचं कार्यालय बंद झालं.

त्याच महिन्यात फिनलंडच्या "कलोसल ऑर्डर" या लहानशा कंपनीने "सिटीज: स्कायलाइन्स" आणला. तो उत्तम खेळ आहे यात वाद नाही. २०२२ पर्यंत त्याच्या १ कोटी २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. सिमसिटीचे पुष्कळ जुने खेळाडू तिकडे गेले आणि तिथेच रमले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, तो मात्र चांगल्या चांगल्या कॉम्प्युटरवरही अडखळू लागला. तेव्हा काही जण परत जुन्या गावी आले.

या सगळ्या धावपळीतून एक गोष्ट उघड झाली. २०१३ च्या खेळात शहर आपण वसवत होतो, पण त्याची किल्ली कंपनीकडे होती. २००३ च्या खेळात शहर आपल्या कॉम्प्युटरमध्ये असतं. एका फोल्डरमध्ये, एका फाइलमध्ये. कॉपी करा, पेनड्राइव्हवर घ्या, बहिणीला द्या. भाड्याचं घर संगमरवरी असलं तरी खिळा ठोकायला मालकाला विचारावं लागतं, आणि स्वतःचं कौलारू असलं तरी त्याचं छप्पर आपण शाकारतो. दोन्हींतला फरक आपल्या लोकांना समजावायची गरज नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. २०१४ मध्ये आलेला "द क्रू" नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ त्याच्या कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. सर्व्हर थांबले आणि ज्यांनी रोख पैसे देऊन तो घेतला होता, त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. त्यावरून युरोपात ग्राहकांची मोठी चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त वापरण्याचा परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. "विकत घ्या" या दोन शब्दांचा अर्थ इतका पातळ झाला आहे!

घरचेच गवंडी

जुनं घर टिकतं ते कुणीतरी डागडुजी करतं म्हणून. "सिमसिटी ४" ची डागडुजी गेली वीस वर्षं खेळणारेच करत आले आहेत.

मूळ खेळात दोष होते आणि सगळ्यांत मोठा दोष वाहतुकीचा होता. खेळातली माणसं कामावर जायला कधी कधी अगदी वेड्यासारखी वाट धरत. जवळचा रुंद रस्ता रिकामा, आणि सगळ्या गाड्या एकाच बोळात. दोन-तीन गावांच्या सीमेवर तर असं व्हायचं की माणूस या गावातून त्या गावात, तिथून तिसऱ्यात, तिथून परत पहिल्यात असा फिरतच राहायचा. कामावर कधी पोचायचाच नाही. आपल्या सीमाभागातल्या एखाद्या फाइलीची आठवण व्हावी असा हा प्रकार!

हौशी खेळाडूंनी या वाहतुकीच्या गणिताचा अभ्यास केला आणि २००४ मध्ये "नेटवर्क ॲडऑन मॉड" नावाची जोडणी बनवली. तिने वाटा शोधण्याचं गणित सुधारलं. शिवाय तिरके रस्ते, गोल चौक, ट्राम, रस्त्यावरून लोहमार्ग उचलून नेणारे पूल, आपल्यासारखी डाव्या बाजूने चालणारी वाहतूक, असं कितीतरी दिलं. वीस वर्षं उलटून गेली तरी हे काम चालू राहिलं. सगळं विनामोबदला. हे करणाऱ्यांत कुणी खरेखुरे रस्ते-अभियंते, कुणी शिक्षक, कुणी विद्यार्थी. एक दमला की दुसरा हातात घेतो. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असाच चालतो की नाही?

याचं श्रेय मॅक्सिसलाही द्यायला हवं. इमारती तयार करण्याची आणि त्या जागेवर मांडण्याची साधनं कंपनीनेच फुकट दिली होती. प्लगिन्स नावाचा एक फोल्डर उघडा ठेवला होता. त्यात काहीही आणून टाका, खेळ ते उचलतो. त्यामुळे जपानी रेल्वे स्थानकं, युरोपातल्या जुन्या गल्ल्या, साधी किराणा दुकानं, अशा हजारो गोष्टी लोकांनी घडवल्या. उपग्रहांनी, अवकाशयानांनी मोजलेल्या जमिनीच्या उंचीचे आकडे वापरून लोक आपापल्या मुलखाचे नकाशे बनवतात. मीही आपल्या भागाचा बनवला. पश्चिमेला घाटाचा उतार, येळ्ळूरला राजहंसगडाचा उंचवटा, मार्कंडेयचं वळण. पडद्यावर प्रथम उमटलं तेव्हा ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं वाटलं.

तेव्हा लोक जुन्या खेळाला चिकटून बसतात, हे बोलणं अर्धंच खरं आहे. हा खेळ आता २००३ चा राहिलेलाच नाही. जोतं तेवढं जुनं आहे, वरचे मजले लोकांनी चढवले. आणि ज्या भिंतीला आपले हात लागलेत, ती सोडून जाणं जड जातं.

अशी माणसं याच खेळापुरती आहेत असंही नाही. १९९४ च्या "ट्रान्सपोर्ट टायकून"ला खेळाडूंनी २००४ मध्ये "ओपनटीटीडी" या नावाने नवा जन्म दिला आणि तो विनामूल्य आहे. पहिल्या सिमसिटीचा मूळ कोडसुद्धा २००८ मध्ये "मायक्रोपोलिस" या नावाने खुला झाला, गरीब देशांतल्या शाळकरी मुलांच्या स्वस्त लॅपटॉपसाठी.

आमच्या घरातलं गाव

आता थोडं घरचं. माझं माहेर बेळगावचं मराठी, सासर धारवाडकडचं कन्नड. २००७ मध्ये लग्न झालं. रुखवतात नव्हता, पण माझ्या सामानात सीपीयू होता, आणि त्यात माझं अर्धवट गाव होतं. सासूबाईंना, म्हणजे अत्तींना, सुरुवातीला तो काय प्रकार आहे हेच कळेना. रात्रीची भांडी आवरली की मी बसायची. मागून त्यांचा प्रश्न यायचा, "इन्नू मुगीलिल्लेन निन्न ऊरु?"

"गाव कधी पुरं होतं का अत्ती?" मी म्हणायची.

सासरे, आमचे मावा, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आधी लांबूनच बघत. एक दिवस खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "मोदल नीर, आम्याल मनी." आधी पाणी, मग घर. मी घरं आखत सुटले होते, त्यांना ते पटलं नव्हतं. त्या दिवसापासून ते आमच्या गावाचे न नेमलेले नगराध्यक्ष झाले. त्यांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, पण स्टेशन कुठे हवं हे त्यांना विचारल्याशिवाय मी ठरवत नसे. "बाजाराला टेकून नको. माल उतरवायला जागा ठेव. आणि बायका-पोरं चालत येतील एवढ्या अंतरावर पाहिजे." घरावर बोट ठेवून बाण बघणं हा त्यांचा आवडता उद्योग. "ह्याचा माणूस कुठं जातो बघ. अय्यो, एवढ्या लांब? त्याला गाडी दे की!"

टिळकवाडीच्या रेल्वे गेटात आम्ही अडकलो की गाडीत बसल्या बसल्या आमची चर्चा चाले. इथे पूल हवा की भुयारी रस्ता? आणि पुलाखालच्या दुकानदारांचं काय? जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत बेळगावचं नाव आलं, तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी मावांनी आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, आणि पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. राकसकोपचं पाणी कुठल्या उंचीवरून येतं, कुठे जोर कमी पडतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

गावातल्या भागांना नावं देता येतात. काही नावं मराठी, काही कन्नड. मी इंग्रजी अक्षरांतच लिहिते, त्यामुळे पाटी कुठल्या भाषेत लावायची हा वाद आमच्या गावात झाला नाही. निदान एका गावात तरी! स्टेशनाजवळच्या बाजाराला मावांनी स्वतःचंच नाव मागितलं, हसत हसत. मी "मावापेट" लिहिलं.

२०१८ मध्ये मावा गेले. त्यानंतर कितीतरी महिने मी ते गाव उघडलंच नाही. पुढे नवा कॉम्प्युटर आला. जुन्या डिस्कवरच्या कुलपांचा काही प्रकार विंडोज १० ने २०१५ पासूनच बंद करून टाकला आहे, त्यामुळे खेळाची डिजिटल प्रत पुन्हा विकत घ्यावी लागली. पण गाव? ते एका फोल्डरमध्ये होतं. कॉपी केलं, उघडलं, आणि मावापेटचं स्टेशन आपल्या जागी उभं होतं. मालाला जागा ठेवलेली, घरापासून चालत जाण्याइतकं अंतर, आणि सकाळची गाडी भरून निघालेली.

हेच गाव एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं तर? परवडत नाही म्हणून कुणीतरी कुठेतरी एक बटण बंद केलं असतं आणि मावांनी नेमलेली स्टेशनची जागा त्याबरोबर पुसली गेली असती. आम्हाला कुणी विचारलंही नसतं. मला वाटतं, खेळणाऱ्यांच्या या निष्ठेचं मूळ इथे आहे. आपण ज्यात वर्षं घालतो ती वस्तू आपल्या ताब्यात असावी, ही साधी घरगुती इच्छा आहे ती.

दोषही सांगायला हवेत

प्रेम आहे म्हणून डोळे झाकू नयेत. खेळ म्हातारा आहे आणि म्हातारपणाची दुखणी त्याला आहेत. आजच्या कॉम्प्युटरला अनेक गाभे असतात, आणि हा खेळ त्यातल्या एकावरच चालतो. म्हणून मोठं शहर झालं की यंत्र कितीही भारी असलं तरी तो दमतो. मधेच बंदही पडतो. जोडण्यांची संख्या वाढली की कुठली कुणाशी भांडते हे शोधण्यात रविवार जातो.

दुसरा दोष खोलवरचा आहे. हे शहर अमेरिकन डोक्यातून आलं आहे. घरं एका बाजूला, दुकानं दुसऱ्या बाजूला, मधे चौकोनी रस्ते. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे गोठा आणि पुढच्या ओट्यावर फुलवाली बसलेली, अशी आपली गल्ली त्याच्या आखणीत बसतच नाही. इथे जागेवरून भाऊबंदकी नाही, कोर्टकचेरी नाही, निवडणूक नाही. महापौराने पूल म्हटलं की पूल! फॉरेस्टर यांच्या मूळ गणितावरही त्या काळी अभ्यासकांनी बरीच टीका केली होती. तेव्हा हा खेळ खेळून कुणी नगररचनाकार होत नाही. गावाचे प्रश्न एकमेकांत कसे गुंतलेले असतात याची जाणीव होते. एवढंच, पण तेही कमी नाही.

तिसरं, वेळ. "एक रस्ता टाकते नि झोपते" म्हणता म्हणता बारा वाजतात. आमच्याकडे अत्तींनी यावर नियम घालून दिला, साडेदहानंतर गाव झोपतं. तो आजही चालतो.

मुलांच्या हातात काय देतो?

माझी मुलगी "माइनक्राफ्ट" खेळते. २०११ मध्ये पूर्ण झालेला तो खेळ. ठोकळ्यांनी जग रचायचं. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींवर प्रती खपल्या. तिच्या आणि माझ्या खेळांत एका पिढीचं अंतर आहे, पण आपण रचलेलं जग सोडून नव्याकडे जायला तिलाही नको असतं. घरात एकच खेळ वर्षानुवर्षं चालला आहे म्हणून पालकांनी घाबरून जाऊ नये. रोज नवा खेळ मागणाऱ्या मुलापेक्षा एकाच खेळात तीन वर्षं काहीतरी उभं करणारं मूल मला जास्त आश्वासक वाटतं. ते काय रचतं आहे हे शेजारी खुर्ची ओढून बसून पाहावं. मावांनी ते केलं म्हणून आमच्या घरात एका पडद्याभोवती तीन माणसं नि दोन भाषा जमल्या.

खेळ विकत घेताना मात्र दुकानात किंवा ऑनलाइन तीन गोष्टी जरूर तपासा. एक, इंटरनेट नसताना तो चालतो का? दोन, मुलाने जे बांधलं ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये राहतं का, कॉपी करून ठेवता येतं का? तीन, मूल त्यात स्वतःचं काही घालू शकतं का, की समोर येईल ते नुसतं गिळायचं? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "नाही" आलं तर तुम्ही खेळ विकत घेत नाही, भाड्याने घेताय. घ्यायला हरकत नाही. फक्त तसं मुलांना आधीच सांगून ठेवा.